लाल पानांच्या गावची मुले

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक संमेलनातील विद्यार्थी-गुणगौरव प्रसंगी केलेले भाषण)



ह्या व्यासपीठावरून प्रतिवर्षी मुलांना पारितोषिके दिली जातात, आणि त्यापूर्वी कोणी वडीलधाऱ्याने चार शब्द सांगावेत असा आपला प्रघात आहे. यंदा ते काम मंडळाने आमच्याकडे सोपवले आणि विषय दिला, ‘खेळ आणि चारित्र्य’. विषय थोर आहे. परंतु त्यावर जे सांगायचे ते इतक्यांनी इतक्या वेळा सांगून ठेवले आहे की, तेच पुन्हा सांगू लागलो तर पुढच्या रांगेतील बालगोपाळ चुळबूळ करू लागतील आणि मागच्या रांगेतील मंडळींचे लक्ष मुदपाकखान्याकडे लागेल. म्हणून उपदेश बाजूस ठेवून आम्ही आज एक हकिगत सांगणार आहोत. ती आपल्या देशातील नाही. तिच्यातील खेळही आपल्या नित्य परिचयाचा नाही. मात्र हकिगत संपता संपता ती आपल्या दारी येऊन उभी राहील, आणि सर्वांच्या आधी आमच्या स्वतःच्या दारी, एवढे प्रारंभीच सांगून ठेवतो.

आमचा एक पुतण्या काही वर्षे तैवान बेटावर नोकरीस होता. परत येताना त्याने तेथील पाचशे डॉलरची एक नोट आमच्यासाठी आठवण म्हणून आणली. ती ही पाहा. सभा संपल्यावर ज्यांना हवी त्यांनी ती जवळून पाहावी. नोट तपकिरी रंगाची आहे. एका बाजूस डोंगर आणि ठिपक्यांची हरणे आहेत. दुसऱ्या बाजूस कोणी राजा नाही, राष्ट्रपुरुष नाही, सेनापतीही नाही. खेळाच्या पोशाखातील काही शाळकरी मुले सामना जिंकल्याच्या आनंदात आपल्या टोप्या आकाशात उडवीत आहेत. २००० साली निघालेल्या ह्या नोटेवरील ती मुले ताइतुंग जिल्ह्यातील नानवांग येथील प्राथमिक शाळेची आहेत आणि त्यांचा खेळ आहे बेसबॉल. सबंध देशाने आपल्या चलनावर छापावे असे त्या मुलांत काय होते, ह्याचा शोध घेता घेता आम्ही जे वाचले ते आपणांस सांगतो. त्या गावी आम्ही गेलेलो नाही, आणि गेल्याचा आवही आणणार नाही.

प्रथम स्थळ सांगितले पाहिजे. तैवान हे सुमारे ३६,००० चौरस किलोमीटरांचे बेट, म्हणजे आपल्या केरळाहून किंचित लहान. त्याच्या मधोमध उत्तर-दक्षिण अशी पर्वतांची भिंत उभी आहे. आपला सह्याद्री कोकणाला देशापासून तोडतो; पण आपले कळसूबाईचे शिखर १,६४६ मीटर उंच, तर तेथील युशान ३,९५२ मीटर, आणि ३,००० मीटरांवरची शिखरे तेथे दोनशेंहून अधिक आहेत. पश्चिमेस सपाट भूमी, भाताची खाचरे, मोठी शहरे, कारखाने. पूर्वेस पर्वत आणि महासागर ह्यांच्यामध्ये चिंचोळी पट्टी. त्या पट्टीवर हुआलिएन आणि ताइतुंग हे दोन जिल्हे. त्या दोन गावांना जोडणारी अरुंद रेल्वे १९२६ साली पूर्ण झाली खरी, पण राजधानी तायपेशी तिची सांधणी १९८० साल उजाडेपर्यंत झाली नाही. वादळे तिकडूनच चढून येतात, भूकंपही नित्याचे. तेथील डोंगरांत आणि किनाऱ्यावर आमीस, पुयुमा, बुनुन, पैवान अशा आदिवासी जमातींची वस्ती आहे. सबंध बेटाच्या लोकसंख्येत सर्व आदिवासी मिळून अडीच टक्क्यांच्या आसपास.

खेळाविषयी दोन शब्द. बेसबॉल हा विटी-दांडूचा आणि क्रिकेटचा दूरचा भाऊबंद होय. गोल दांड्याने चेंडू टोलवायचा, आणि एकामागून एक तीन ठाण्यांना पाय लावून जेथून निघालो तेथे परतायचे. त्या मूळ जागेस ‘घर’ म्हणतात. घरी सुखरूप परतला त्याची एक धाव. कितीही लांब पळाला आणि वाटेत बाद झाला, तर धाव नाही. ही गोष्ट ध्यानात असू द्यावी. पुढे तिचा उपयोग आहे.

हा खेळ त्या बेटावर स्वखुशीने आलेला नाही. १८९५ ते १९४५ अशी पन्नास वर्षे तैवान जपानच्या अमलाखाली होते. जपानी अधिकारी आणि पेढ्यांतील कारकून आपसांत खेळत; १९०६ साली तायपेच्या शाळेत पहिला संघ उभा राहिला. स्थानिकांना प्रवेश हळूहळू मिळाला. पूर्वेकडील हुआलिएनमध्ये १९२१ च्या सुमारास आमीस मुलांचा एक संघ तयार झाला. तो पुढे ‘नेंगकाओ’ ह्या पर्वताच्या नावाने ओळखला जाऊ लागला. १९२५ साली त्या संघास जपानात नेऊन गावोगाव सामने खेळवले. हेतू केवळ खेळाचा नव्हता. पाहा, आम्ही ‘रानटी’ लोकांना कसे सुधारले, हे स्वदेशीयांना दाखवायचे होते. मुलांना ह्या हेतूशी काय कर्तव्य? ती जीव तोडून खेळली आणि त्यांच्यापैकी काहींना क्योतोच्या एका शाळेने आपल्याकडे ठेवून घेतले. येथेच एक सूत्र दिसू लागते. खेळ मुलांचा असतो. पण त्याच्या मागे उभा असलेला हेतू बहुधा थोरांचा असतो.

हा सुधारणेचा देखावा किती वरवरचा होता हे लवकरच कळले. ऑक्टोबर १९३० मध्ये बेटाच्या मध्यभागी वुशे येथे शाळेच्या क्रीडासमारंभाचा दिवस होता. वर्षानुवर्षांचा जुलूम असह्य झालेल्या आदिवासींनी त्याच मैदानावर उठाव केला. शंभराहून अधिक जपानी मारले गेले, आणि त्यानंतर झालेल्या सूडात आदिवासींच्या वस्त्या उजाड झाल्या. ह्या घटनेस वर्षही झाले नव्हते तोच १९३१ च्या उन्हाळ्यात च्यायी येथील कृषी-वन विद्यालयाचा संघ जपानातील कोशिएन मैदानावर, शालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यापर्यंत जाऊन पोहोचला. ह्या संघास ‘कानो’ म्हणत. त्यातील नऊ खेळाडूंत चार आदिवासी, तीन जपानी आणि दोन चिनी वंशाचे होते. त्यांचे शिक्षक कोंदो ह्योतारो मोठे कडक गृहस्थ. पण मुलगा कोणत्या जमातीचा ह्यापेक्षा तो धावतो कसा, इतकेच ते पाहत. अंतिम सामना संघाने ४–० असा गमावला. परंतु ज्या देशात वर्षापूर्वी ‘आदिवासी’ हा शब्द भीतीने उच्चारला गेला होता, तेथील प्रेक्षकांनी त्या हरलेल्या मुलांना डोक्यावर घेतले.

त्या चौघा आदिवासींपैकी एक ताइतुंगकडील पुयुमा जमातीचा होता. त्याला जमातीचे नाव होते. शाळेत तो जपानी पद्धतीने उएमात्सु झाला. १९४५ नंतर राज्य बदलले, तेव्हा त्याच गृहस्थाचे चिनी नाव चेन केंग-युआन असे झाले. एका आयुष्यात तीन नावे, आणि त्यांतली दोन सरकारदरबारची. पण हा गृहस्थ एका बाबतीत कधीच बदलला नाही. शहरात कीर्ती मिळवून तो आपल्या जिल्ह्यात परतला, तेथील कृषी विद्यालयात शिक्षक आणि पुढे मुख्याध्यापक झाला, आणि मुलांच्या हाती बॅट देत राहिला. सत्तांतर होऊन जपानी निघून गेले, नव्या सरकारला ह्या जपानी खेळाचे फारसे प्रेम नव्हते. तरीही पूर्वेकडील खेड्यांत तो टिकला. ह्याचे श्रेय मैदानाला नाही, सामग्रीला नाही. जे बाहेर जाऊन परत आले त्यांना ते आहे. दूरच्या मुलखात कोणतीही चांगली गोष्ट रुजायची तर ती तिकडून येऊन जाणाऱ्या पाहुण्यांमुळे रुजत नाही. घरी परतणाऱ्यांमुळे रुजते.

आता मुख्य हकिगत. ताइतुंगच्या डोंगरात होंगये नावाचे बुनुन लोकांचे खेडे आहे. नावाचा अर्थ ‘लाल पान’. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत तेथील प्राथमिक शाळेचे मुख्याध्यापक एका चिंतेत होते, आणि ती चिंता आपल्या डोंगरी भागांतील गुरुजींना नवी वाटणार नाही. मुले शाळेत येत ना. आईबापांबरोबर शेतावर जात, रानात जात, शिकारीच्या मागे जात. छडीने जे साधले नाही ते गुरुजींनी खेळाने साधले. शाळेत येईल तो खेळेल. बॅट नव्हती, तेव्हा झाडाच्या फांद्या तोडून त्यांची बॅट केली. चेंडू नव्हता, तेव्हा दगड टोलवले. डोंगरउतारावर वाढलेल्या त्या पोरांचे पाय काटक, नेम अचूक आणि नजर शिकाऱ्याची. हजेरी वाढली, आणि हजेरीबरोबर खेळही वाढला. तालुका जिंकला, जिल्हा जिंकला, आणि १९६८ मध्ये शंभरएक मुलांची ती शाळा तायपेला जाऊन साऱ्या बेटाची विद्यार्थी-स्पर्धा जिंकून आली.

त्याच वर्षी जपानातून मुलांचा एक संघ पाहुणा म्हणून आला. २५ ऑगस्ट १९६८ रोजी तायपेच्या मैदानावर लाल पानांच्या गावची मुले त्यांच्यासमोर उभी राहिली आणि ७–० अशी जिंकली. ज्या राष्ट्राने पन्नास वर्षे राज्य केले त्याच्या मुलांना डोंगरातील पोरांनी हरवले! वृत्तपत्रे, आकाशवाणी, नुकतीच आलेली दूरचित्रवाणी, सर्वत्र तोच जयघोष. पाहुणे जगज्जेते आहेत अशी बातमी पसरली आणि ती वर्षानुवर्षे खरी मानली गेली. वस्तुतः त्या वर्षीचे जगज्जेतेपद जपानच्या वाकायामा संघाने मिळवले ते २४ ऑगस्ट रोजी, अमेरिकेत. दुसऱ्या दिवशी तीच मुले तायपेच्या मैदानावर उभी असणे शक्य नव्हते. आलेला संघ निराळा होता. पण उत्सवाच्या गर्दीत पंचांग कोण पाहतो?

मंडळी, हकिगत येथे संपवली असती तर ती आपल्या स्मरणिकेत शोभून दिसली असती. परंतु पुढचा भाग सांगितल्याशिवाय आमचे काम पुरे होत नाही. १९६९ साली न्यायालयात सिद्ध झाले की, त्या विजयी संघातील नऊ मुले आपल्या नावाने खेळलीच नव्हती. कोणाचे वय नियमापेक्षा अधिक होते, कोणी ती शाळा केव्हाच सोडली होती. त्यांना दुसऱ्या मुलांची नावे देऊन मैदानात उतरवले होते. मुख्याध्यापक आणि संघाचे अन्य दोघे चालक ह्यांना एक वर्ष कैदेची शिक्षा झाली. ती स्थगित ठेवली गेल्यामुळे तुरुंग टळला. ज्या गुरुजींनी रानातून मुले शाळेत आणली, त्यांच्याच हातून कागद खोटे झाले.

आम्ही त्या गुरुजींना सहज दोष देऊ शकत नाही, कारण आमच्या मनात लगेच एक तारीख उभी राहते. येथे बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी कितीजणांचा कागदोपत्री जन्मदिवस १ जून आहे? हात वर करण्याची आवश्यकता नाही. हसण्याचा आवाज आला तेवढा पुरे. आमचाही तोच आहे. आई सांगे की तू पोळ्याच्या आदल्या रात्री झालास. पण शाळेत नाव घालताना गुरुजींनी बोटे मोजून वर्ष ठरवले आणि १ जून टाकून दिले. त्यात कोणाचे नुकसान नव्हते. उलट अनेकांचे शिक्षण त्यामुळे सुरू झाले. म्हणून कागद आणि वय ह्यांचा मेळ नसणे हे आपल्याला पाप वाटत नाही, आणि त्या मुख्याध्यापकांनाही आरंभी वाटले नसावे. परंतु दोहोंत एक भेद आहे. मुलाला शाळेचे दार उघडावे म्हणून तारीख अंदाजाने घालणे निराळे, आणि थोरांना ढाल मिळावी म्हणून मुलाचे नावच पुसणे निराळे. पहिल्याने मूल आत येते. दुसऱ्याने, विजय झाला तरी मूल बाहेरच राहते.

आणि तसेच झाले. ज्या वर्षी हा निकाल लागला त्याच वर्षी, ऑगस्ट १९६९ मध्ये, तैवानच्या दुसऱ्या एका संघाने अमेरिकेत जाऊन मुलांचे जगज्जेतेपद जिंकले. त्यातही ताइतुंगची आमीस मुले होती. हा संघ म्हणवला जाई ताइचुंग शहराचा, पण मुले साऱ्या बेटावरून निवडून आणली होती. वस्तुतः एका संघात एकाच विभागातील मुले असावीत असा स्पर्धेचा नियम होता. म्हणजे होंगयेच्या निकालाने कोणी फार शहाणे झाले नव्हते. तेव्हापासून १९९६ पर्यंत तैवानने ते जगज्जेतेपद सतरा वेळा मिळवले. लोक मध्यरात्री उठून दूरचित्रवाणीपुढे बसत. १९७१ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघातील जागा त्या देशाने गमावली, एकेका राष्ट्राने संबंध तोडले, आणि देशाचा मान बारा वर्षांच्या मुलांच्या खांद्यांवर येऊन बसला. पुढे स्पर्धेचे नियम काटेकोरपणे लागू होऊ लागले तेव्हा १९९७ मध्ये तैवान त्या स्पर्धेतून बाहेर पडले आणि काही वर्षांनी परत आले. सतराव्या विजयानंतर अठरावा मिळाला तो २०२५ च्या ऑगस्टमध्ये. मधली एकोणतीस वर्षे रिकामी गेली. पण अठरावा विजय मिळाल्यावर झोप शांत लागली असेल, असे आम्हांस वाटते.

होंगयेच्या मुलांचे काय झाले? जल्लोष ओसरला. मुले मोठी झाली तेव्हा बेटावर खेळावर पोट भरण्याची सोयच नव्हती. चार संघांची पहिली व्यावसायिक स्पर्धा सुरू झाली ती १९९० मध्ये, बावीस वर्षांनी. शिक्षण मागे पडलेले, कीर्ती दुसऱ्याच्या नावावर जमा झालेली. बहुतेकांनी मजुरी केली. त्यांच्यापैकी अनेकजण म्हातारपण पाहण्याआधीच वारले. जे साऱ्या देशाला घरी घेऊन आले, ते स्वतः घरी परतलेच नाहीत असे म्हणावे लागते.

तथापि सर्वांचीच गत अशी झाली नाही, हेही सांगितले पाहिजे. १९६९ च्या त्या विजयी संघातील ताइतुंगचा आमीस मुलगा कुओ युआन-ची पुढे जपानात गेला, १९८१ पासून १९९६ पर्यंत चुनिची ह्या नामांकित संघाकडून खेळला, आणि १९८८ मध्ये आपल्या विभागातील सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. लोकसंख्येत अडीच टक्के असलेल्या आदिवासींचे प्रमाण आज तेथील व्यावसायिक संघांत त्याच्या कितीतरी पटींनी अधिक आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये तोक्योच्या मैदानावर तैवानच्या राष्ट्रीय संघाने जपानला ४–० असे हरवून मोठ्या माणसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धाही जिंकली. कानोच्या मुलांनी त्रेपन्न अधिक चाळीस वर्षांपूर्वी, म्हणजे १९३१ साली, ज्या आकड्यांनी अंतिम सामना गमावला होता, तेच हे आकडे! योगायोगच तो, पण जुन्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आणणारा.

अडचणी मात्र संपलेल्या नाहीत. पूर्वेकडील खेड्यांतून तरुण माणसे कामासाठी पश्चिमेच्या शहरांत जातात. शाळांचा पट घटतो. संघ उभा करायचा तर पुरेशी मुले मिळत नाहीत. ज्यांच्या अंगी गुण दिसतो त्यांना कोवळ्या वयात घर सोडून खेळासाठी नावाजलेल्या शाळांच्या वसतिगृहांत राहावे लागते. तेथे दिवस मैदानावर जातो, पुस्तक मागे पडते. आणि ह्या लांब वाटेच्या शेवटी व्यावसायिक संघ अवघे सहा. शंभर मुलांतून एकाचा खांदा टिकतो, नशीब टिकते; उरलेल्यांनी काय करावे ह्याचे उत्तर त्यांच्याजवळ नसते, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांजवळही नसते. व्यावसायिक खेळात पैशासाठी सामने हरण्याची जी लाजिरवाणी प्रकरणे १९९६ पासून पुढे एकामागून एक उघडकीस आली, त्यांत वाहून गेलेल्यांत असेही काही तरुण होते.

नावाचा प्रश्न मात्र तेथील लोकांनी सोडवत आणला आहे. १९९५ मध्ये कायदा बदलून आदिवासींना आपले परंपरागत नाव सरकारी दप्तरात नोंदवण्याची मुभा मिळाली, आणि २०२४ मध्ये ते चिनी अक्षरांच्या आधाराविना, रोमन लिपीत एकटेच लिहिण्याचीही. चू ली-जेन ह्या चिनी नावाने प्रसिद्ध असलेल्या पैवान जमातीच्या एका खेळाडूने २०१९ मध्ये गिलजेगिलजाव कुंगकुआन हे आपले मूळ नाव धारण केले, आणि त्याच नावाने तो देशाकडून खेळला. उच्चार करताना आमची जीभ अडखळली, तशी तेथील समालोचकांचीही प्रथम अडखळली असेल. अडखळू द्यावी. उएमात्सु, चेन, आणि होंगयेच्या नऊ मुलांची उसनी नावे, ह्या साऱ्यांच्या नंतर एक माणूस स्वतःच्या नावाने मैदानात उतरला, ह्याचे मोल धावांत मोजता येत नाही.

आता आमच्या दाराशी येतो.

आपल्या ज्ञातिसंघाच्या शाखांमधील मुलांच्या क्रिकेट स्पर्धेचे काम आम्ही बरीच वर्षे पाहिले. एका वर्षी डोंगरपट्ट्यातील एका शाखेचा संघ आला. रात्रभर एस.टी.ने प्रवास करून, सर्वांत मिळून दोन बॅटी घेऊन आलेली मुले. त्यांच्यातला एक गोलंदाज असा होता की, त्याच्यापुढे शहरातील शाखांची मुले उभी राहीनात. तो आपल्या धाकट्या भावाच्या नावाने खेळत होता. वय दीड वर्षाने अधिक होते. त्यांच्या शाखेच्या चालकांनी ही गोष्ट सामन्याच्या आदल्या रात्री आम्हांस हात जोडून सांगितली. “पोरं एवढ्या लांबून आली आहेत, एकदा जिंकू द्या,” असे त्यांचे म्हणणे. आम्हांस दया आली, आणि खरे सांगायचे तर आपल्या मागे पडलेल्या शाखेने चषक न्यावा ही हौसही वाटली. आम्ही गप्प बसलो. चषक त्यांनी नेला. ह्याच स्मरणिकेत त्या मुलाचे छायाचित्र आले आणि खाली नाव छापले धाकट्या भावाचे.

पुढच्या वर्षी तो धाकटा भाऊ खरोखरच खेळायला आला. तोही चांगला खेळे. पण आमच्या दप्तरात त्या नावापुढे गेल्या वर्षीची उंची, गेल्या वर्षीचे बळी, सारे लिहिलेले. दुसऱ्या एका शाखेने हरकत घेतली की, हा मुलगा तो नव्हे, हा तोतया आहे. मंडळी, जो खरा होता तोच तोतया ठरला! आणि तो खरा आहे हे सांगायला आम्ही तोंड उघडले असते तर आमचेच बिंग फुटले असते. तो मुलगा दोन दिवस मंडपाच्या कडेला बसून राहिला आणि परत गेला. पुन्हा कधी आला नाही. थोरल्याने पुढे एका नोकरीच्या अर्जास जोडण्यासाठी खेळाचे प्रमाणपत्र मागितले, तेव्हा देण्यासारखे त्याच्या नावाचे आमच्याजवळ काहीच नव्हते. एका मौनाने आम्ही दोन भावांची नावे पुसली.

होंगयेच्या गुरुजींना न्यायालयाने शिक्षा दिली. आम्हांस कोणी विचारलेही नाही. म्हणून ‘खेळ आणि चारित्र्य’ ह्या विषयावर बोलण्यास आम्ही अपात्र आहोत, हे आम्ही मंडळास प्रथम कळवले. मंडळाने उत्तर दिले की, मग तेच सांगा.

तेव्हा संमेलनापुढे तीन विनंत्या ठेवून बसतो. पहिली अशी की, त्या दोघा भावांची संमती मिळाल्यास त्या छायाचित्राची दुरुस्ती ह्याच स्मरणिकेच्या पुढील अंकात, ते मूळ छायाचित्र जेवढ्या जागेत छापले होते तेवढ्याच जागेत छापावी. संमती मागण्यास आम्ही स्वतः त्यांच्या घरी जाऊ. दुसरी अशी की, दूरच्या शाखांच्या मुलांना आपण दया म्हणून नियमांत सवलत देऊ नये. प्रवासखर्च, बॅटी आणि सुटीत तेथे जाऊन राहणारा शिक्षक द्यावा. सवलत स्वस्त पडते म्हणून आपण ती उदारपणे देतो. शिक्षक महाग पडतो. येथे बसलेल्या आमच्या तरुण खेळाडूंपैकी कोणी वर्षातून एक महिना आपल्या मूळ गावी परतेल काय, हा प्रश्न आम्ही त्या चेन मास्तरांच्या वतीने विचारतो. आणि तिसरी विनंती अशी की, ज्ञातिसंघाची शिष्यवृत्ती जिंकणाऱ्याला देताना, पाच वर्षांनंतर तो काय करतो आहे ह्याचीही चौकशी आपल्या दप्तरात ठेवावी. टाळी वाजवण्याचा हक्क ज्याला हवा, त्याने ही चौकशी करण्याचे ओझेही घ्यावे.

मुलांनो, तुम्हांला इतकेच सांगायचे. आता थोड्या वेळाने तुमची नावे ह्या व्यासपीठावरून पुकारली जातील. ज्याचे नाव पुकारले जाईल त्याने ताठ मानेने वर यावे. कारण पेला घरी फडताळात राहतो, काळा पडतो, नाव मात्र जन्मभर बरोबर येते. ज्याचे नाव आज पुकारले जाणार नाही, त्याचेही नाव त्याच्याजवळ शाबूत आहे. ते कोणाला उसने देऊ नका. आणि कोणी थोर माणूस, अगदी आमच्यासारखा पिकल्या केसांचा, ‘एकदाच’ म्हणून मागू लागला तरी देऊ नका.

ही नोट आम्ही आता अध्यक्षांच्या मेजावर ठेवतो. तिच्यावरील मुले पाहा, त्यांच्या आकाशात उडालेल्या टोप्या पाहा. त्यांच्या आधी फांदीने दगड टोलवणारी जी मुले होऊन गेली, त्यांचे चित्र ह्या नोटेवर नाही. पण ह्या मुलांच्या आनंदामागे ती उभी आहेत, एवढे ध्यानात ठेवून पाहा.